आतून कडी

कोमलनं एक हात पिंकीच्या बुडाखाली सरकवला, दुसरा मानेपासून पाठीपर्यंत पसरून लावला आणि मगच ती जिन्याकडे वळली. प्लास्टरमधला डावा पाय तिच्या कोपराबाहेर आडवा राहत होता. तो भिंतीला लागू नये म्हणून ती एकेक पायरी तिरकी होऊन चढत होती. आज घाई होती, पण घाई झाली म्हणून पिंकीला भराभर उचलून नेता येत नसे.

"चढली का न्हाई अजून?" खालून सासूबाईंचा आवाज आला. मुक्ताबाईंना स्वतःला कमी ऐकू येई, म्हणून त्या साऱ्या जगाशी ओरडूनच बोलत. "कामशेत सोडलं म्हनं त्यांनी. आतनं कडी घाल. अन् टीव्ही लावू नगं."

"हो, आई."

"रडली तर?"

"नाही रडत ती."

हे खरं होतं. पिंकी हाड मोडलं तरच रडायची आणि ते रडणं निराळं असायचं. आजवर ते नऊ वेळा ऐकून झालं होतं.

गच्चीवरची ही खोली सासऱ्यांनी, दत्तोबांनी, पर्यटकांसाठी बांधली होती. पवनेच्या पाण्याकाठी तंबू ठोकून शहरातली माणसं हौसेनं कुडकुडायला येऊ लागली, तेव्हा ज्यांची हौस मध्यरात्रीपर्यंतच टिकते त्यांच्यासाठी एक पक्की खोली असावी, हा त्यांचा हिशेब. भिंतींना जांभळा रंग, त्यावर फुलपाखरं चिकटवलेली, कोपऱ्यात टीव्ही. बाहेरच्या पाटीवर 'लेक व्ह्यू' असं लिहिलं होतं, पण तळं बघायला खिडकीत चढून मान बाहेर काढावी लागे. खाली चार खोल्या होत्या, पण माणूस लपवायला घरात ही एवढीच जागा होती.

कोमलनं पिंकीला पलंगावर ठेवलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या, प्लास्टरखाली घडी केलेली चादर सारली आणि कडी घातली.

आज नणंदेला, स्नेहलला, बघायला येणार होते. मुलगा वडगावचा, तळेगावच्या कंपनीत, घरचं बरं. सुपारी आजच फोडून टाकू, असा निरोप मध्यस्थानं आधीच दिला होता. त्यांच्याकडे मुलीची माहिती गेली तीत 'भाऊ विवाहित, एक मुलगी' असं लिहिलं होतं, आणि ती मुलगी मामाकडे शिकायला असते असं तोंडी सांगितलं होतं. मुक्ताबाईंनी हे चार दिवसांपूर्वी स्वयंपाकघरात ठरवलं. "शुभाच्या टायमाला असलं लेकरू पुढ्यात कशाला," एवढंच त्या म्हणाल्या. दत्तोबा ताटात बघत राहिले. ओंकारही. कोमल भाकरी थापत होती. तिनंही भाकरीच थापली.

नवऱ्यानं तरी बोलायला हवं होतं, असं तिला वाटलं. मग तिला वाटलं, आपण तरी कुठं बोललो.

पिंकी एकोणीस दिवसांची होती तेव्हा पहिल्यांदा तिची मांडी सुजली. हाड बसवणाऱ्यानं पाला बांधून दिला. चौथ्या महिन्यात हात गेला. कुणी आपटली नव्हती, पाडली नव्हती, झबलं घालताना गेला. तेव्हा पुण्याला नेलं. तिथं फाइल घेतलेल्या एका बाईनं कोमलला एकटीला खोलीत बसवून विचारलं होतं, "मुलीला घरात कोण मारतं?" कोणी नाही म्हटल्यावर ती बाई आणखी हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही?" त्या दिवशी कोमल परतीच्या वाटेवर कामशेतपर्यंत एक शब्द बोलली नाही.

घरी मात्र बोलणारे होते. हिच्या माहेरची हाडंच कच्ची, असं मुक्ताबाईंनी वर्षभरात सगळ्या भावकीला पटवून दिलं. कोमलची आई भाताच्या खाचरात घसरून मनगट मोडून बसली, मग तर पुरावाच मिळाला. त्यानंतर तिच्या आईचं इथं येणं हळूहळू बंद झालं. आणि मुक्ताबाईंनी पाच वर्षांत नातीला एकदाही मांडीवर घेतलं नाही. जवळून जाताना पदरसुद्धा आवरून घेत. बाकी सगळं कोमलनं कधीतरी सोडून दिलं असतं, हे सोडणार नव्हती.

तीन महिन्यांपूर्वी पुण्यातच दुसऱ्या एका दवाखान्यात नवी डॉक्टरीणबाई भेटली. तिनं पिंकीचा पाय नंतर पाहिला, आधी डोळे पाहिले. खालची पापणी ओढून बुबुळाभोवतीचं पांढरं बघितलं. मग ओंकारला म्हणाली, "तुम्ही जरा वर बघा." ओंकारला वाटलं आपल्याला रागावतायत. मग तिनं विचारलं, तुमची हाडं किती वेळा मोडली? दोनदा. दातांचे तुकडे पडतात? हो. आईला ऐकू कसं येतं? ओंकारनं कोमलकडे पाहिलं. कोमलनं सांगितलं, "कमी येतं. तरुणपणापासून."

डॉक्टरीणबाईनं एका कागदावर खुणा करत करत समजावलं. हा आजार रक्तातून येतो, एका पिढीतून दुसरीत. एकाच घरात कुणाला हलका असतो, कुणाला जोरात. हाड ज्या धाग्यानं विणलेलं असतं तो धागाच कमी. ती म्हणाली, "यात कुणाची चूक नाही." कोमलनं ते वाक्य तिच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. पाच वर्षांत ते कुणी म्हटलं नव्हतं.

परतीच्या जीपमध्ये दोघं दोन पोत्यांच्या मध्ये अडकून बसले होते. ओंकार म्हणाला, "घरात आत्ताच काही बोलू नकोस. स्नेहलचं जमतंय. ते होऊन जाऊ दे."

"आणि स्नेहलला?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला.

स्नेहलच्या डोळ्यांचं सगळ्या गावाला कौतुक. पांढऱ्यात निळसर झाक, फोटोत तर विचारूच नका. शाळेत असताना तिचं मनगट मोडलं होतं, कॉलेजात बसमधून उतरताना घोटा. नाजूक आहे गं आमची, असं म्हणून सगळे हसत. लोणावळ्याला एका हॉटेलच्या रिसेप्शनवर ती उभी राहते तेव्हा संध्याकाळी तिचे पाय ठणकतात, हे फक्त कोमलला माहीत होतं, कारण तेल गरम करून तीच द्यायची.

म्हणजे सांगायचं तर स्नेहललाच सांगायला हवं होतं, आणि आजच्या आधी. एकदा सुपारी फुटली की तोंड उघडायची सोय नाही. कोमल हे रोज ठरवत होती आणि रोज टाळत होती. पहिले काही दिवस ती स्वतःला सांगे, नवऱ्याला शब्द दिलाय. नंतर ते खरं राहिलं नाही. खरं कारण तिला एका दुपारी कपडे वाळत घालताना कळलं आणि ती दोरीपाशी तशीच उभी राहिली. जाऊ दे ना हिला, असं तिला वाटत होतं. हिलाही मूल होऊ दे. हिचीही सासू भावकीला सांगत फिरू दे, हिच्या माहेरची हाडं कच्ची. ते ऐकायला मुक्ताबाई जिवंत असू देत. इतकं वाईट आपण कधीपासून झालो, याचं तिला नवल वाटलं, भीतीही वाटली. तरी तिनं सांगितलं नाही.

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. दारं वाजली. दत्तोबांचा पाहुण्यांपुढे काढायचा आवाज सुरू झाला, "या, या, लय उशीर केला."

"आत्याला बघायला आले?" पिंकीनं विचारलं.

"हळू बोल. हो."

"मला पण बघणार?"

"नाही. आज नाही."

पिंकी थोडा वेळ छताकडे बघत राहिली. "मी लपलेय का?"

"हो," कोमल म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

"मग राज्य कुणावर आहे?"

कोमल तिच्या प्लास्टरखालची चादर नीट करत राहिली. ती आधीच नीट होती.

खाली पोह्यांच्या ताटल्या फिरल्या. नाव काय, शिक्षण काय, स्वयंपाक येतो का, हे सगळं झालं. मुलाच्या मामांना तुंग किल्ल्यावर गाडी जाते का, यातच जास्त रस दिसत होता. मग त्याच मामांनी हसत हसत म्हटलं, "आता पोरापोरीला बोलू द्या जरा. हल्ली तेच ठरवतात, आपण नुसते खायला."

"बोला की, हितंच अंगनात बसा," मुक्ताबाई घाईनं म्हणाल्या.

"वर गच्चीवर जातो," हा आवाज स्नेहलचा होता.

कोमल पलंगावरून उठली. स्नेहल विसरली, हेच तिच्या मनात आलं. पोर घाबरली असेल, बोलून गेली असेल. मुक्ताबाई खालून काहीतरी ओरडल्या, पण चार पाहुण्यांसमोर ओरडून काय सांगणार? जिन्यात दोन पावलं वाजू लागली. एक बुटांची, एक पैंजणांची. कोमलनं खोलीकडे पाहिलं. मोरीत जावं तर पिंकीला हलवायला वेळ नाही, आणि हलवून तिथं ठेवणार कुठं? तिनं ओठांवर बोट ठेवलं. पिंकीनंही ठेवलं.

दोघं दाराबाहेर कठड्यापाशी थांबली. लाकडी दाराला खाली दोन बोटांची फट होती. तिथून बुटांची टोकं दिसत होती.

"मी प्रज्ञेश," मुलगा म्हणाला आणि स्वतःच हसला. "म्हणजे, ते माहीतच असेल."

"हो."

"तुम्हाला हे स्थळ खरंच नको असेल तर आत्ताच सांगा. मागच्या वेळी एकीनं लग्नानंतर वडगावला राहायचं की नाही यावरून... असो. माझी शिफ्ट असते. आई-वडील सोबत असतात. बाकी मला काही विचारायचं नाही."

पैंजण एकदा हलके वाजले.

"डोळे छान आहेत तुमचे," तो अडखळत म्हणाला. "फोटोत मला वाटलं फिल्टर आहे. पांढरं एवढं निळं कसं, म्हटलं. पण खरंच आहे."

खाली कुणाच्या तरी ताटलीत चमचा पडला. मग पैंजण दाराजवळ आले.

"वहिनी," स्नेहल म्हणाली, "कडी काढ."

कोमल हलली नाही. आत कुणी नाही असं भासवावं, तर तिचा श्वास तिलाच ऐकू येत होता. दार उघडलं तर आज रात्री या घरात काय होईल, उद्या भावकीत काय होईल, हे तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. पोरीचं जमलेलं मोडलं, आणि मोडलं ते कोमलनं. जन्मभर हेच. माहेरी जायचं तर पिंकीला घेऊन एसटीनं कसं जायचं? नवरा आडवा येणार नाही आणि सोबतही येणार नाही. ती दाराकडे बघत राहिली. कडी साधीच होती, बोटानं उचलली की निघणारी.

"वहिनी, मी कागद वाचलाय. एक्स-रेच्या पाकिटातला. दिवाळीच्या आधीच."

कोमलनं कडी काढली.

स्नेहलनं हिरवी साडी नेसली होती आणि तिच्या कपाळावर घाम होता. तिच्या मागे उंच, किडकिडीत मुलगा उभा होता. तो आधी कोमलकडे, मग पलंगाकडे बघू लागला. पिंकी उशांच्या मधून त्याच्याकडे बघत होती. तिचे डोळे मोठे होते आणि त्यांतलं पांढरं स्नेहलपेक्षाही निळं होतं. मुलगा तिच्याकडे बघत राहिला, मग स्नेहलकडे वळला, मग पुन्हा पिंकीकडे. त्याला काही सांगावं लागलं नाही, निदान अर्धं तरी नाही.

"राज्य तुमच्यावर होतं का?" पिंकीनं त्याला विचारलं.

"बहुतेक," तो म्हणाला.

स्नेहल मात्र त्याच्याकडे बघत नव्हती. "तुला तीन महिने माहीत होतं," ती कोमलला म्हणाली.

"हो."

"मी रोज वाट बघत होते. तेल द्यायला यायचीस तेव्हा वाटायचं, आज सांगेल. आज सकाळी साडी नेसवतानाही वाटलं."

"नव्हते सांगणार."

"दादानं नको म्हटलं म्हणून?"

कोमलला हो म्हणता आलं असतं. समोर परका माणूस उभा होता, निमित्त तयार होतं.

"नाही," ती म्हणाली. "मी जे ऐकलं ते तूही ऐकावंस असं वाटत होतं. तुझ्या सासूकडून. आणि ते आईंच्या कानावर यावं."

स्नेहलनं मान हलवली. तिला राग आला असावा, पण ती रागावली नाही. तिनं निऱ्यांच्या घडीत खोचलेला कागद काढून कोमलपुढे धरला.

"मला वाटलंच होतं. आता यांना तू सांग. मी वाचलंय, पण मला नीट सांगता येणार नाही. मी मध्येच रडेन."

तो डॉक्टरीणबाईनं काढलेला कागद होता. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, आजार असेल तो काळा भरलेला, आणि सगळे रेघांनी जोडलेले. कोमलनं तो मुलापुढे धरला आणि सांगायला लागली. हा काळा चौकोन माझा नवरा. हा गोल पिंकी. हा स्नेहल, तो अर्धाच भरलाय, कारण तिला अजून तपासलं नाही, पण डोळे आणि दोन फ्रॅक्चर बघता तो भरला जाणार. पिंकीला आता दर तीन महिन्यांनी सलाईनमधून औषध देतात, त्यानं हाड जरा भरतं. बरं होत नाही. शाळेत जाता येतं, शाळेनं घेतलं तर. चालताही येईल.

मुलगा लक्ष देऊन ऐकत होता. मध्ये एकदाच त्यानं विचारलं, "आणि यांना मुलं झाली तर?"

"निम्मी शक्यता. दर वेळी निम्मी. झालं तर हलकं होईल की हिच्यासारखं, ते कुणी सांगू शकत नाही. पोटात असताना तपासता येतं म्हणाल्या. कुणाची चूक नसते यात," कोमल म्हणाली, आणि आपण हे डॉक्टरीणबाईच्याच सुरात म्हणालो हे तिच्या लक्षात आलं.

मुलानं कागद परत दिला. देताना तो दोन्ही हातांनी दिला.

"सांगितलंत ते बरं केलंत," तो स्नेहलला म्हणाला. "मी घरी बोलून कळवतो."

स्नेहल हसली. बघायला आलेल्यांच्या तोंडी 'कळवतो' आलं की कपबशा उचलायला घ्यायच्या, हे तिला सातव्या स्थळाला कुणी शिकवायला नको होतं. मुलाला ते हसणं समजलं. तो लाल झाला. पिंकीला "येतो हं" म्हणून तो जिना उतरला.

खाली आधी मुलाचा आवाज, मग मामांचा, मग काही वेळ कुणाचाच नाही. खुर्च्या सरकल्या. दत्तोबा "अहो, जेवून जायचं ठरलंय" असं दोनदा म्हणाले. गाडी सुरू झाली, फाटकाशी थोडी थांबली आणि रस्त्याला लागली. स्नेहल पलंगाच्या कडेला बसून पिंकीच्या केसांतून बोटं फिरवत होती. तिचे डोळे भरले होते, पण ती जे मध्येच होईल म्हणाली होती ते तिनं होऊ दिलं नव्हतं. दार उघडंच होतं. ते लावावं असं दोघींनाही सुचलं नाही.

मग जिन्यात मुक्ताबाईंची पावलं वाजली. कोमल पलंग आणि दार यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

मुक्ताबाई दारात आल्या. त्यांना धाप लागली होती. डोक्यावरचा पदर घसरला होता आणि तो त्यांनी सावरला नव्हता.

"कडी कुनी काढली?"

"मी," कोमल म्हणाली.

"मीच वर आणलं त्याला," स्नेहल म्हणाली. "मुद्दाम आणलं. आई, बस."

"काय?"

"बस म्हटलं!" स्नेहल ओरडली, आणि उठून तिनं कागद आईच्या हातात दिला. "हे बघ. मग काय बोलायचं ते बोल."

मुक्ताबाई उंबऱ्यातच बसल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कागदावर वाचण्यासारखं फार नव्हतंही. त्यांनी तो उलटा धरला होता. कोमलनं वाकून सरळ केला आणि त्यांच्या कानाशी मोठ्यानं सांगू लागली. आता तिला कशाचंच भय नव्हतं, नुसता राग होता, आणि तो शांतपणे बाहेर येत होता.

"बाया गोल, गडी चौकोन. दुखणं असेल तो काळा. ही पिंकी. हे तुमचे चिरंजीव. आणि हा वरचा काळा गोल म्हणजे तुम्ही. माझ्या माहेरचं यात कुणी नाही."

ती आता आरडाओरडा ऐकायला तयार होऊन उभी राहिली. मुक्ताबाईंनी स्वतःच्या गोलावर बोट ठेवलं. जरा वेळानं ते बोट रेघेवरून वर गेलं. तिथं एक रिकामा गोल होता आणि त्यात एक खूण.

"हितं कोन?"

"तुमची आई. यांना आजीचं काही माहीत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी प्रश्नचिन्ह टाकलं."

मुक्ताबाई त्या गोलाकडे बघत राहिल्या. बाहेर धरणाच्या रस्त्यावरून पर्यटकांची गाडी गाणी लावून गेली, तिचा आवाज पार खाली वळणापर्यंत येत राहिला.

"काळं कर," त्या म्हणाल्या.

स्नेहलनं मान वर केली. कोमलला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण मुक्ताबाईंनी बोट उचललं नव्हतं. टीव्हीखालच्या खणात पर्यटकांकडून नाव-पत्ता लिहून घ्यायचं पेन होतं. कोमलनं ते आणलं, उंबऱ्याशी खाली बसली आणि प्रश्नचिन्हावरून पेन फिरवत तो गोल भरला. तिला दया आली नाही.

"अन् माज्या शेजारी ह्यो?"

"चौकोन. तुमचा भाऊ, मोशीचे मामा. एकच भाऊ म्हणून सांगितलं यांनी."

"दोन गोल काढ अजून. माज्या खालच्या."

"तुम्हाला बहिणी होत्या?"

"व्हत्या." मुक्ताबाईंनी पलंगाकडे पाहिलं. पिंकीच्या पायाकडे, मग तिच्या तोंडाकडे, आणि या वेळी नजर काढून घेतली नाही. "आयला उटाय यायचं न्हाई. मी थोरली. त्यास्नी न्हाऊ-माखू मीच घालायची. तेल लावायची. लावता लावता काडकन वाजायचं." त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "मी नऊ वरसाची व्हते गं."

कोमलनं चौकोनाच्या पलीकडे एक गोल काढला, मग दुसरा. रेघा जोडल्या. पेन हातात धरून ती मुक्ताबाईंच्या अगदी जवळ सरकली. त्यांच्या कानापाशी तोंड नेऊन तिनं विचारलं, "नावं काय लिहू?"

"बारशी झाली न्हाईत त्यांची," मुक्ताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका खाली गेलेला कोमलनं कधी ऐकला नव्हता. "नुसतेच गोल काढ."